सहाशे चौरस फुटांचे घर : आधी चौक, मग खोल्या

वाटणी होते तेव्हा खोल्या मोजल्या जातात, भिंती मोजल्या जातात, दारे-खिडक्याही मोजल्या जातात. अंगण मात्र कुणाच्याच वाट्याला येत नाही. त्यावर भिंत उभी राहते आणि ते संपते. जुन्या जालन्यात, मस्तगडच्या आसपासच्या गल्ल्यांत, हे चित्र आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. आजोबांच्या काळी एक मोठे घर होते, मधे आड होता, अंगणात बाजा टाकून सगळे झोपत. मग भावांचे हिस्से झाले. शरीअतने ठरवून दिलेला बहिणींचा हिस्सा निघाला, आणि तो निघायलाच हवा. शेवटी एकाच्या हाती राहते ती पंधरा फूट रुंद आणि चाळीस फूट लांब अशी एक पट्टी. म्हणजे सहाशे चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याहून जरा जास्त.

आता या पट्टीवर घर कसे बांधायचे? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असते. भिंतीला भिंत लावून पूर्ण जागा भरायची. पुढे मोठा हॉल, त्यामागे एक खोली, तिच्यामागे आणखी एक आणि सर्वात शेवटी स्वयंपाकघर. रस्त्याचा उजेड हॉलपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. मागच्या स्वयंपाकघरात भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. फोडणीचा धूर घरभर फिरतो, कपडे आतच वाळतात, भिंतींना ओल धरते. म्हणजे जी आई किंवा सून घरात सर्वात जास्त तास घालवते, तिच्याच वाट्याला सर्वात अंधारी खोली येते. आणि जो हॉल दिवसातून दोन तास वापरला जातो, त्याला सगळा उजेड!

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. जागा जितकी लहान, तितकी मोकळी जागा आधी ठरवली पाहिजे. खोल्या नंतर.

मस्तगडचे बांधणारे काय जाणत होते

मस्तगड ही जुन्या जालन्याची गढी. निजामुल्मुल्क आसफजाह यांच्या हुकुमाने काबिलखान यांनी ती १७२५ मध्ये बांधली, आणि तसा फारसी शिलालेखही तिथे कोरलेला आहे. पुढे याच गढीत नगरपालिकेची कार्यालये आली. गॅझेटियरमध्ये या गढीतल्या एका विहिरीची खास नोंद आहे. विहिरीच्या आत सज्जे आणि दालने काढलेली आहेत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाण्याजवळच्या, जमिनीखालच्या दालनात किती गारवा असेल हे वेगळे सांगायला नको. जालन्यातच जमशेदखान यांनी काली मशीद बांधली, मोती तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांत पाणी आणले. गारवा, सावली आणि पाणी या गोष्टी त्या लोकांनी बांधकामाच्या पोटातच ठेवल्या होत्या. नंतर वरून जोडायच्या म्हणून नव्हे.

आपल्याकडची जुनी धाब्याची घरेही याच समजुतीवर उभी होती. जाड भिंती, मातीचे छत, मधे अंगण. पण जुने ते सगळे चांगले असे मानण्याचे कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या त्याच जाड भिंती आणि त्याच जड छतांखाली हजारो माणसे दबून गेली. म्हणून धाबे परत आणायचे नाही. आणायचे आहे ते अंगण, आणि तेही आजच्या कॉलम-बीमच्या, सळईच्या बांधकामात.

लहान जागेत मोकळे सोडणारे इतरही आहेत

'एवढ्याशा जागेत अंगण कसले?' हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला जात आहे असे नाही. जपानमधल्या ओसाका शहरात तादाओ आंदो या वास्तुकाराने १९७६ मध्ये एक घर बांधले. दोन्ही बाजूंनी घरे, मधे अरुंद पट्टी, एकूण जागा सुमारे ५७ चौरस मीटर. आपली सहाशे चौरस फुटांची पट्टी म्हणजे ५६ चौरस मीटरच्या जवळपास. दोन्ही जागा सारख्याच! आंदो यांनी घराचे तीन भाग केले आणि मधला पूर्ण तिसरा भाग आकाशाला उघडा ठेवला. त्या घराला बाहेरच्या बाजूने दाराशिवाय काही नाही, तरी प्रत्येक खोलीत उजेड आहे. एक गैरसोय मात्र आहे. पावसात एका खोलीतून दुसरीकडे जायला छत्री लागते. ती चूक आपण टाळू शकतो.

आपल्याच राज्यात नवी मुंबईच्या बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात लहान घरांची वसाहत केली. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. सात-सात घरे एका आठ मीटर बाय आठ मीटरच्या सामाईक चौकाभोवती मांडली. शिवाय प्रत्येक घर स्वतःच्या भिंतींवर उभे, म्हणजे शेजाऱ्याला धक्का न लावता पुढे वाढवता येणारे. लोकांनी नंतर ती घरे आपापल्या गरजेप्रमाणे खरोखरच वाढवली. आपल्या वाढत्या कुटुंबांसाठी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पंधरा बाय चाळीसचा एक आराखडा

आता प्रत्यक्ष मांडणी पाहू. हा नमुना आहे. आपल्या जागेची दिशा, रस्ता आणि पालिकेचे नियम पाहून त्यात बदल करावा लागेल.

सुरुवात भिंतीपासून करू. बाजूच्या भिंती नऊ इंची विटांच्या बांधल्या तर दोन्ही बाजूंचे मिळून दीड फूट जाते. कॉलम-बीमच्या घरात भिंत फक्त पडदा असते, भार घेत नाही. तिथे सहा इंची ब्लॉक वापरले तर रुंदीत सहा इंच वाचतात. चाळीस फूट लांबीत हे वीस चौरस फूट होतात. म्हणजे एक छोटी न्हाणी फुकट मिळाली.

आत चौदा फूट रुंदी मिळते. तिची मांडणी रस्त्याकडून आत अशी करता येईल :

पहिले चार फूट ओसरी. इथे चपला, दुचाकी, आणि दारापाशी थांबणाऱ्यासाठी सावली.

मग नऊ फूट खोल, चौदा फूट रुंद बैठक. सव्वाशे चौरस फूट होतात आणि मेहमानांसाठी ते पुरेसे आहेत.

त्यानंतर चौदा फुटांचा मधला पट्टा. याच्या एका भिंतीला लागून तीन फूट रुंद सरळ जिना. दहा फूट उंची चढायला सात इंची सतरा चढ लागतात. पहिल्या तीन पायऱ्या वळवून घेतल्या की जिना चौदा फुटांत बसतो. जिन्याशेजारी तीन फूट रुंद झाकलेली वाट. उरलेल्या आठ फूट रुंदीत बैठकीच्या बाजूचे सहा फूट न्हाणी, संडास आणि वुजूची जागा. आणि मग आठ फूट बाय आठ फुटांचा उघडा चौक.

शेवटचे अकरा फूट : चौकाकडे तोंड करून शेजारी शेजारी दोन खोल्या. सहा फूट रुंद स्वयंपाकघर आणि साडेसात फुटांहून जरा रुंद अशी बुजुर्गांची खोली.

वरच्या मजल्यावर बैठकीवर एक खोली आणि मागच्या बाजूला अकरा बाय चौदाची मोठी खोली. दोन्हींना जोडणारा सज्जा चौकाच्या कडेने जातो. तोच खालच्या वाटेचे छप्पर होतो, त्यामुळे पावसात छत्रीची गरज नाही.

या मांडणीत चौसष्ट चौरस फूट 'वाया' गेले, असे कुणीतरी म्हणेलच. पण त्या चौसष्ट फुटांमुळे स्वयंपाकघर, अम्मी-अब्बांची खोली, न्हाणी, वाट आणि वरच्या दोन्ही खोल्या अशा साऱ्या जागांना उजेड आणि हवा मिळते. चौक भरून टाकला तर एक खोली वाढेल आणि सहा जागा अंधारात जातील.

आणखी एक गोष्ट. शेजारचा प्लॉट आज रिकामा आहे म्हणून त्या बाजूला खिडकी ठेवण्याचा मोह होतो. उद्या शेजारी आपल्या हद्दीत भिंत उभी करील आणि खिडकी बंद होईल. मग भांडण. चौक हा आपल्या मालकीचा उजेड आहे, तो कुणी अडवू शकत नाही. उष्ण आणि कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश तरी उघडणारी खिडकी असावी असे राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. चौऱ्याऐंशी फुटांच्या खोलीला तीन बाय तीनची खिडकी म्हणजे काठावरचे गणित. जमल्यास ती चार फूट रुंद करावी.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा दोन मजली चौकाच्या तळापर्यंत थेट ऊन पोचणार नाही. म्हणून चौकाच्या आतल्या भिंती पांढऱ्याच ठेवाव्यात, उजेड त्यांच्यावरून खाली उतरतो. मे महिन्यात उलटे होते. वीस मेच्या सुमारास जालन्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. तेव्हा चौकावर दुपारपुरते कापड ओढता येईल अशी तार लावून ठेवावी. वर मजबूत जाळी हवी. कायमचा प्लास्टिकचा पत्रा मात्र टाकू नये, त्याने चौकाची भट्टी होते.

पडदा भिंतींनी नव्हे, मांडणीने

पवित्र कुरआनमध्ये घराला सुकूनाची जागा म्हटले आहे (सूरह अन्-नहल, आयत ८०). दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय न शिरण्याचा हुकूम आहे (सूरह अन्-नूर, आयत २७). त्याच सूरहच्या ५८व्या आयतीत आणखी बारकाईने सांगितले आहे की फजरच्या आधी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर, या तीन वेळी घरातल्या मुलांनीसुद्धा विचारून आत यावे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याचा रस्ता झोपण्याच्या खोलीतूनच असेल, तर ही शिकवण पाळायची कशी? रेल्वेच्या डब्यासारख्या ओळीतल्या घरात हेच होते. मागच्या खोलीत जाणारा प्रत्येक जण पुढच्या खोलीतल्या माणसाला ओलांडूनच जातो.

वरच्या आराखड्यात प्रत्येक खोलीला वाटेवरून किंवा सज्जावरून स्वतंत्र दार आहे. बैठकीतले मेहमान वाटेच्या तोंडाशी असलेल्या न्हाणीपर्यंत जाऊ शकतात. तिथून पुढे एक दार. ते लावले की चौक, स्वयंपाकघर आणि जिना घरच्यांचा. बायकांना उन्हात बसता येते, केस वाळवता येतात, मुलांना मोकळे खेळता येते, आणि त्यासाठी कुठलाही जाड पडदा टांगून हवा अडवावी लागत नाही.

मुले दहा वर्षांची झाली की त्यांची अंथरुणे वेगळी करावीत, ही हदीसची शिकवण आपण जाणतो. म्हणून वरच्या मागच्या खोलीला सुरुवातीपासूनच दोन दारे आणि दोन खिडक्या ठेवाव्यात. आज ती एक खोली आहे. उद्या मधे कपाटांची रांग उभी केली की मुला-मुलींच्या दोन वेगळ्या खोल्या होतील, भिंत न फोडता.

पडदा शेजाऱ्याचाही असतो. गच्चीचा कठडा साडेतीन-चार फुटांचा असला तरी शेजारच्या चौकात नजर जाणार नाही अशी जाळीची भिंत त्या बाजूला उंच करावी. समोरच्या घराच्या खिडकीसमोर आपली खिडकी काढू नये, थोडी सरकवून घ्यावी. रस्त्याच्या खिडकीचा उंबरठा डोळ्यांच्या वर ठेवला तर पडदा न ओढताही ती दिवसभर उघडी राहू शकते.

नमाजसाठी वेगळ्या खोलीची गरज नाही. चार फूट बाय साडेचार फुटांचा स्वच्छ कोपरा दोन मुसल्ल्यांना पुरतो. जालन्यातून किब्ला पश्चिमेच्या नऊ अंश उत्तरेकडे आहे. फरशी बसवताना गवंड्याला सांगून वेगळ्या रंगाची एक पट्टी त्या दिशेने घालून घ्यावी. संडासाचे भांडे उत्तर-दक्षिण बसवावे. हे कागदावरच ठरले पाहिजे, कारण पाइप टाकल्यावर भांडे फिरवायचे म्हणजे फरशी फोडायची.

जिना न चढणाऱ्यांसाठी

लहान घरात सहसा होते असे की खाली बैठक आणि स्वयंपाकघर येते आणि झोपायच्या सगळ्या खोल्या वर जातात. मग अम्मीचे गुडघे दुखू लागले की तिची बाज बैठकीत येते. कुणी आले की तिला उठून बसावे लागते. तिचा पडदाही जातो आणि आरामही. म्हणून खालच्या मजल्यावर एक खोली, लहान का असेना, दार लागणारी हवीच. तिच्यापासून संडासापर्यंतची वाट झाकलेली, उंबऱ्याशिवाय आणि रात्री मंद दिवा असलेली असावी. संडासात एक कमोड आणि भिंतीला धरायला दांडी. वुजूच्या जागी दीड फूट उंच बसायची बैठक आणि पुढे नळ. खर्च फार नाही, पण वालिदैनची रोजची पाच वेळची तकलीफ त्याने वाचते.

पाणी चौकाखाली

जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही, हे सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात शहराने टँकरमागे धावण्याचे दिवसही पाहिले. जोते भरण्यापूर्वीच चौकाखाली टाकी बांधून घ्यावी. सहा बाय सहा फूट आणि पाच फूट खोल टाकीत पाच हजार लिटर मावतात. संडासाची लाइन तिच्यापासून दूर आणि खालच्या पातळीवर असावी.

छपराचे पाणीही कमी नसते. पाचशे चौरस फूट छत, वर्षाचा पाऊस ६५० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी सुमारे चोवीस हजार लिटर पाणी हाती येते. पहिल्या दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, मग वाळू-खडीच्या गाळणीतून टाकीत घ्यावे. वुजूचे पाणी गटारात न सोडता चौकातल्या मोगऱ्या-मेंदीच्या कुंड्यांना द्यावे.

उसनवारी न करता, टप्प्याटप्प्याने

आपल्या अनेक घरांत व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही असे ठरलेले असते. मग घर साठेल तसे बांधले जाते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी हीच रीत धरली होती. सर्वात लहान भूखंड सुमारे ३५ चौरस मीटरचे. सुरुवातीला जोते आणि संडास-न्हाणी, बाकीचे घर ज्याने त्याने सवडीने बांधायचे. या कामाला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

पण टप्प्याने बांधायचे तर आराखडा मात्र पहिल्या दिवशीच पूर्ण हवा. पाया दोन मजल्यांचाच घालावा. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, म्हणून ती काढून कठीण मुरमापर्यंत जावे. पहिल्या टप्प्यात टाकी, न्हाणी, स्वयंपाकघर, बुजुर्गांची खोली आणि बैठक. जिना आणि वरचा मजला पुढे. वरच्या कॉलमसाठी ठेवलेल्या सळया पाच-पाच वर्षे उघड्या राहिल्या की गंजतात. त्यांच्यावर हलक्या काँक्रीटचे आवरण करावे, पुढे ते सहज फोडता येते.

जालना म्हणजे सळईचे गाव. तरीही सळई घेताना भारतीय मानक ब्युरोची खूण आणि १७८६ हा मानक क्रमांक पाहूनच घ्यावी. गच्चीवर दर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात दिला की वरच्या खोलीचा ताप जाणवण्याइतका कमी होतो. पश्चिमेच्या भिंतीला जिना, कपाट किंवा न्हाणी यावी, पलंग नको.

कागद आधी, कुदळ नंतर

वाटणी तोंडी झाली असेल तर बांधकामापूर्वी ती कागदावर आणावी. वारसांची नोंद लावून सिटी सर्व्हेचा उतारा आपल्या नावावर करून घ्यावा, बहिणींच्या सह्यांसह. घर उभे राहिल्यावर हिस्स्याची चर्चा निघाली की नाती तुटतात. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याच्या सहीचा आराखडा सादर करून आणि शुल्क भरून काम सुरू करण्याची सोय तिच्यात आहे. दाट वस्तीतल्या जागांसाठी रस्त्यापासून आणि मागे किती सोडायचे याचे नियम वेगळे आहेत. ते आधी विचारून घ्यावेत आणि मगच ओसरीचे चार फूट पक्के धरावेत.

अभियंत्याकडे जाण्यापूर्वी मात्र एक काम घरातच करायचे आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत कोण कुठे असते, हे एका कागदावर लिहावे. अम्मी कुठे बसते, सून किती तास ओट्यापाशी उभी असते, मुले अभ्यास कुठे करतात, कपडे कुठे वाळतात. हा कागद घरातल्या बायकांनी भरावा. ज्या जागी जास्त माणसे जास्त वेळ असतात, तिथे चौकाचा उजेड पोचला पाहिजे. घर पाहायला येणारे तासाभरात निघून जातात. राहायचे असते ते आपल्याला, आणि आपल्यानंतर आपल्या मुलांना.

अल्लाह प्रत्येकाला सुकूनाचे छप्पर नसीब करो, आणि त्या छपराच्या मधोमध थोडे आकाशही.